शिंगाड्याचे तोडलेले पान

एकोडी, ९ नोव्हेंबर १९७९
शेवंता आजपासून शिकवणीस येते. वय एकतीस. सकाळी तलावात शिंगाडे तोडते; दहावीला बाहेरून बसते. विज्ञानात दोनदा नापास. या खेपेस उत्तीर्ण झाली तर गावच्या बालवाडीवर नेमणूक. अन्यथा जागा दुसरीला.

१४ नोव्हें.
तरंग. दोरी झटकून दाखविली : तरंग पुढे जातो, कण त्याला आडवे हलतात, हा अवतरंग. ध्वनीत कण तरंगाच्याच दिशेने मागेपुढे, हा अनुतरंग. मग पाण्याचा दृष्टान्त : लाट पुढे जाते, पान जागीच वरखाली होते, सबब अवतरंग. एकवीस वर्षे हाच देत आलो.
"गुरुजी, तुमी कधी गळ्याएवढ्या पाण्यात उभे राहिले का?"
नाही म्हटले.
"मंग? पान वरखाली बी होते अन् मागंपुढं बी. गोल फिरते ते."

१५ नोव्हें.
आक्षेप मांडला : शिंगाड्याचे पान देठाने बांधलेले, ती गती देठाच्या ओढीची.
"मंग तोडून टाका ना पान. कायले अडून बसता?"

१८ नोव्हें.
तलावावर गेलो. वारा बेताचा. तोडलेले पान सोडले. पाण्यात काडी रोवून तिच्याशी ताडून पाहिले. लाटेच्या शीर्षावर पान पुढे सरते, दोन लाटांमधल्या गर्तात मागे येते. चाळीसएक लाटा मोजल्या. वर्तुळच.
पक्ष तिचा सिद्ध. माझा दृष्टान्तच सदोष. 

१९ नोव्हें.
"धोतर ओलं करून आले म्हनते गुरुजी! आख्खं गाव हासून राहिलं."
निष्कर्ष सांगितला. हसणे थांबले.
"मंग पेपरात काय लिहू?"
परीक्षक पुस्तक धरून तपासतो. अवतरंग लिहावे, असे म्हणालो.
"आताच तर म्हनले का ते बराबर नाही."
पुस्तकातले उत्तर असत्य नव्हे, अपुरे आहे, हा भेद ती गेल्यावर सुचला. वेळेवर सुचता तरी तिला पुरता की नाही, कोण जाणे.

२२ मार्च १९८०
विज्ञानाचा पेपर झाला. प्रश्न आला : पाण्याच्या पृष्ठभागावरील तरंग कोणत्या प्रकारचे? सकारण लिहा.
शेवंता साकोलीच्या केंद्रावरून एस.टी.ने परतली ती थेट माझ्या दारात.
"आला ना गुरुजी तुमचा प्रश्न."
काय लिहिलेस, हे विचारले नाही. सल्ला माझाच होता. पाळला असता तर मला बरे वाटले असते काय? चहा घेतला. निघताना चप्पल घालता घालता म्हणाली, "पुरवणी मांगा लागली मले. आकृती मावत नव्हती."
निकाल जूनमध्ये.
अवतरंगाची आकृती तीन ओळींत मावते.