हळदीत घेतलेलं नाव

बोईसर, ६ फेब्रुवारी २०२५

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. कॉलनीच्या हळदीकुंकवात मी आपल्या माहीम गावच्या हळदीच्या गाण्यांची फुशारकी मारली. शेजारच्या विजयाकाकू म्हणाल्या, मग म्हण की एक. मला ओळसुद्धा येईना. त्या म्हणाल्या, कमाई आजीची आणि मिरवतेस तू. खरंच आहे ते. तेव्हा तुझ्या शेजारच्या सुलूमावशीच्या प्रणवच्या हळदीला मला गाणाऱ्या बायकांत बसवू नकोस. नुसती जेवायला येईन.

तुझी,
प्रतीक्षा


माहीम, ११ फेब्रुवारी

चि. प्रतीक्षास,
आशीर्वाद, आणि एक धपाटा.

माझी कसली कमाई? उमरोळीहून लग्न होऊन आले तेव्हा मला यातलं एक गाणं येत नव्हतं. सासूनं हाताला धरून बायकांत बसवलं. दोन वरसं नुसते ओठ हलवले. पण विहिरीवर गेले की आमच्या घरची गाणी म्हणून तोरा, तो पहिल्या दिवसापासून! तोरा होता म्हणून तर शिकले. अजून पुढं गात नाय. सुलूची आई ओळ सोडते, मी मागून धरते. धरायला कुणी नसलं तर पुढचीचा दम तुटतो. आता माझाच तुटतोय. नुसती जेवायला येणार असशील तर डबा पाठवते, येऊ नको.

रागावलीस तरी लोभ सोडू नको.

रत्नाबाई (तुझी आजी)


माहीम, २८ फेब्रुवारी

चि. प्रतीक्षास,
आशीर्वाद.

भलतं नाव गायलीस म्हणून तोंड लपवून बोईसर गाठलंस आणि आता पत्रात माफी मागतेस. ऐक. गाण्यात ज्याचं नाव येईल त्यानं उठून नवऱ्याला हळद लावायची, ही आपली रीत. सुलूचा भाऊ तात्या दोन वरसं कुंपणाच्या वादावरून तिच्याशी बोलत नव्हता. म्हणून बायका गाण्यातलं मामाचं नाव गिळणार होत्या. तुला कुठं ठाऊक? मला धाप लागली आणि तू घेतलंस खणखणीत. सगळा मांडव तुझ्याकडं बघायला लागला! तात्या रस्त्यावर उभा होता. नाव घेतल्यावर मागं कसा फिरणार? आला, भाच्याला दोन्ही हातांनी हळद फासली. तू तोवर पळाली होतीस. मग बहीणभाऊ तासभर कडाकडा भांडले आणि एका ताटात जेवले. दोन वरसं दोघांचे निरोप मीच वाहत होते. आता माझे गुडघे त्या फेऱ्यांतून सुटले.

तात्या म्हणतो, वैशाखात त्याच्या मुलीच्या हळदीला नावं तूच घ्यायची. मी म्हटलं, पोरीला धड एक गाणं येत नाय. तो म्हणाला, तोवर येईल.

लोभ आहे तेवढा पुरे. रविवारी ये.

आजी