मेंढीला तांबं सोसत नाही

बाबा,

तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली, तेव्हा पत्ता कोणता घालणार हे विचारू नका. आज घरी आले, कुलूप उघडलं, चहा टाकला आणि एकच कप काढला. बोलायला कुणी नाही, म्हणून लिहायला बसले.

लूमच्या आवाजाने तुम्हाला ऐकू कमी यायला लागलं आणि कामतघरच्या कापड कारखान्यातली ड्युटी सुटली, तेव्हापासून तुम्ही कोकरांत रमलात. दिवाळीनंतर घाटावरून मेंढपाळ उतरायचे, जवळच्या पूर्णा गावाच्या रिकाम्या शेतांत तळ टाकायचे आणि कळपाबरोबर चालू न शकणारी कोकरं टेमघरला आपल्या अंगणात आणून सोडायचे. पावसाआधी परत जाताना घेऊन जायचे. ‘मामांकडं ठेवलीत’ एवढ्यावर सगळा विश्वास. आई गेल्यावर त्या घरात तुमच्याशी बोलायला दुसरं होतं तरी कोण? मी जनावरांच्या दवाखान्यातल्या नोकरीसाठी कोर्स करत होते, रविवारपुरती उगवायचे.

त्या वर्षी सात कोकरं होती. ती वाढेनात. एकमेकांची लोकर चघळायची, भिंतीचा चुना चाटायची. तुम्ही त्यांना चाटायला मिठाचा खडा टांगलात, त्याला मी हसले. नुसत्या मिठाने काय होणार, अंगाला जस्त लागतं, कोबाल्ट लागतं, तांबं लागतं, अगदी कणभर पण लागतंच, असं मी तुम्हाला मास्तरणीच्या थाटात ऐकवलं आणि ओळखीच्या तबेल्यातून म्हशींच्या खनिज मिश्रणाची पिशवी आणली. रोज एक चमचा, कोंड्यात कालवून. तुम्ही चमचा भरताय, वरचं बोटाने सपाट करताय, मगच घमेल्यात टाकताय, हे मला अजून दिसतं. शेजाऱ्यांना सांगायचात, “पोरीचं औषध हाय, चुकवून चालायचं न्हाय.” कोकरं भरलीसुद्धा. मी तर हवेतच होते.

मे महिन्यात मेंढपाळ आला, खूश झाला आणि साती कोकरं हाकत पूर्ण्याला घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत दारात, खांद्यावर एक कोकरू. बाकीची तळावर पडली होती, दोन तर गेलीच होती. खांद्यावरच्या कोकराचे डोळे हळदीसारखे पिवळे, लघवी काळपट लाल. मला तिथल्या तिथे कळलं. मेंढीला तांबं सोसत नाही. म्हशीला चालतं ते मेंढीच्या यकृतात साठत राहतं, आणि जरा दगदग झाली की एकदम रक्तात उतरतं. हे आम्हाला शिकवलेलं होतं, वहीत माझ्याच अक्षरात होतं. पिशवी आणताना मी वही उघडली नव्हती, इतकंच.

मेंढपाळ ओरडला नाही. “मामा, काय चारलं यांना?” एवढंच म्हणाला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी खाली बघितलं.

“मीच चारलं,” तुम्ही म्हणालात. “माझ्या हातानं. पोरीचा त्यात काय संबंध न्हाय.”

साती गेली. संध्याकाळी जेवताना तुम्ही हळूच विचारलंत, “माझ्याकडून चमचा जास्ती भरला गेला का गं?” आणि मी म्हणाले, “असेल.”

त्यानंतर टेमघरला कुणी कोकरू ठेवलं नाही. मेंढपाळ वरच्या रस्त्यानेच जायला लागले. दिवाळी झाली की तुम्ही अंगणात बसायचात, त्यातल्या त्यात बरं ऐकू येणारा कान रस्त्याकडे करून. मी रविवारी यायचे, हे बघायचे आणि स्वयंपाकाला लागायचे. मरेपर्यंत तुम्हाला वाटलं, आपला हात चुकला. मी ते वाटू दिलं. मला फार लाज वाटते, बाबा.

नोकरीत मी गावोगाव सांगत फिरले, म्हशीचं मिश्रण कोकरांना घालू नका, मेंढ्यांसाठीचं वेगळं मागून घ्या. लोकांच्या डोक्यात बसावं म्हणून एक गोष्टही जोडायचे. भिवंडीकडचा एक अडाणी म्हातारा, कुणाला विचारायचं नाही, काही नाही, चमच्यावर चमचे घालत सुटला आणि दुसऱ्याची सात कोकरं घालवून बसला. लोक हसायचे, पण लक्षात ठेवायचे. किती तरी कोकरं त्या गोष्टीने वाचली असतील, असं मी स्वतःला समजावत आले.

आज माझा निरोप समारंभ होता. नवीन मुलांनी आग्रह केला, मॅडम, तुमची ती म्हाताऱ्याची गोष्ट सांगा. निदान आज तरी खरी सांगायची, असं ठरवून उभी राहिले होते. नेहमीसारखीच सांगितली. सगळे हसले, बाबा, आणि त्यांच्याबरोबर मीही हसले.