तिसऱ्या दिवशी पाहिलेली अंडी

१४ जून, रविवार सकाळ

प्रिय चिमे,

आशीर्वाद. हॉस्टेलवर पाणी नीट येतं ना? इकडे ठीक. आईचा गुडघा तसाच. गेको पालींच्या उबवणी पेटीचं तापमान अठ्ठावीस पूर्णांक दोन. आत्ता उठून पुन्हा पाहून आलो. तेवढंच आहे.

शेजारच्या काकांनी काल परत विचारलं, "भिंतीवर पाली फुकट असताना या विकतच्या कशाला?" मी उत्तर देणं सोडलंय.

तू जोडी लावलीस तेव्हाच मी म्हणालो होतो, नर कोवळा आहे, अंडी वांझ निघणार. वीस वर्षं स्वतःच्या डोळ्यांनी शिकलोय. ना गुरू, ना पुस्तक. पण तिसऱ्याच दिवशी, तुझ्या मैत्रिणींसमोर, अंड्यांवर टॉर्च धरून 'वांझच' म्हणायची मला काय घाई होती? तिसऱ्या दिवशी सगळीच अंडी नुसती पिवळी दिसतात. लाल शिरा दिसायला आठ-दहा दिवस जातात. हे तुला मीच शिकवलेलं. तू तेच म्हणालीस, "बाबा, दहा दिवस तरी थांबा." मी म्हणालो, "मला शिकवू नकोस." मैत्रिणी आपापल्या चपलांकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी तू बॅग भरलीस.

नंतर आईने तुला फोनवर सांगितलं, दोन्ही अंडी नासली. तिला तसं मीच सांगितलं होतं.

नासली नव्हती. नासकं अंडं पिवळट पडतं, पिचकतं, बुरशी धरतं. ही बाराव्या दिवशीही खडूसारखी पांढरी, टणक होती. मला दिसत होतं. तरी वाटलं, आत पिवळं पाणीच असेल, त्याचा फोटो तुला पाठवू. म्हणजे वाद मिटला.

एक ब्लेडने कापलं.

आत लाल जाळं होतं. मधे मोहरीएवढं काहीतरी धडधडत होतं. सवयीने घड्याळ लावलं. चार मिनिटांनी थांबलं.

पुन्हा पेटी पाहून आलो. अठ्ठावीस पूर्णांक दोन.

दुसरं अंडं आहे. आज पन्नास दिवस झाले. जागच्या जागी टॉर्च धरली तर आत काळी सावली हलते. वरची बाजू कळावी म्हणून तू पेन्सिलीने केलेली खूण अजून वरच आहे. उलटं झालं तर पिल्लू दगावेल, म्हणून मी बोटही लावलेलं नाही. आठवडाभरात फुटेल. राग ठेव, तो बरोबर आहे. पण ये. पेटीतला डबा तूच उघड. मी बाहेरच्या खोलीत बसेन, हाक मारलीस तरच आत येईन.

पाकीट चिकटवण्याआधी हे सगळं आईला वाचून दाखवलं. पत्ता तिने माझ्या हातातून पेन घेऊन स्वतः लिहिला.

ज्याला दहा दिवस धीर धरवला नाही, तो तुझा
बाबा