बाभळीपाशी वळलेली जोडी

बा, मी पत्र लिवून राह्यली हे तुले कोणी सांगितलं असतं, तर तू म्हटलं असतं, तिले आधी भाकर गोल थापता येऊ दे. भाकर अजूनबी वाकडीच होते. शाळा चौथीपर्यंत, त्यातले अर्धे दिवस गुरुजीचं अंगण सारवण्यात गेले, म्हणून अक्षरबी भाकरीसारखंच हाये. पण आठ दिवसांमागं एका कागदावर सही केली अन् तवापासून हे सारं बसून लिवावं वाटून राह्यलं.

सही नातीच्या पटासाठी केली. मधी कितीक वर्षं बैल पळवाचे शंकरपट बंद होते, आता पुन्हा भरतात. तुरी निघाल्यावर रिठदच्या बाजूले पट ठरला अन् माह्या नातीनं धुरकरी म्हणून नाव दिलं. वीस वर्षांची पोरगी, छकडीवर बसून घरची जोडी हाकणार. नांगरटीले ट्रॅक्टर येते, पण डवऱ्या-वखराले एक जोडी हाये अजून, ती तिच्याच मागं मागं फिरते. कमिटीवाले म्हणे, घरच्या मोठ्या माणसाची सही आणा. तिच्या बापानं, म्हणजे माह्या पोरानं, नाही म्हटलं नाही. तेवढी हिंमत त्याच्यात कधीच नव्हती. म्हणे, "आजीनं सही केली तर जाय." त्याले वाटलं, म्हातारी कायले करते.

मी चार दिवस कागद पिठाच्या डब्याखाली ठेवला. पोरगी रोज डबा उचलून पाहे, अन् मी पाहून न पाहिल्यासारखं करो. ते चार दिवस माह्या डोक्यात तूच होता, बा.

तुझं पोट शेतीवर, पण नाव पटाचं. इंझोरीपासून रिठदपर्यंत तुले लोक ओळखत. पहिल्या पटाले तू मागून आणलेली छकडी घेऊन गेला अन् बैल ते, ज्यांनी आदल्या दिवशी वखर ओढला होता. बाकीच्यांचे बैल वर्षभर गोठ्यात नुसते खात, मालिश करून घेत. आपल्या जोडीच्या खुराले माती होती म्हणून लोक हसले. संध्याकाळी तू तांब्याची घागर घेऊन आला. मंग मोठाले शेतवाले दारात येऊन बसू लागले, आमची जोडी तुमीच हाका म्हणून. तू जाय, हाके, त्यांच्या पंगतीत जेवे अन् दिवेलागणीच्या आत घरी. बैलाले टोचाची तुतारी तुझ्या हाती कधी कोणी पाहिली नाही. आता बैलाले टोचू नये म्हणून कमिटीवाले हात तपासतात. तुझ्या हाती त्यांना तंबाखूच सापडली असती.

घरात दूध आधी बैलाले. अंडंबी त्यायलेच. आई चुलीपाशी बसून आमच्यापुढं कोरा चहा सरकवत म्हणे, "शिंगं उगवू द्या, मंग तुमालेबी देईन." तू ऐकून हसत होता. मी एकदा छकडीवर चढून कासरा हातात धरला, तवा मात्र हसला नाही. "ठेव खाली. पोरीच्या हाती कासरा शोभत नाही," म्हटलं. रागानं नाही. चपला बाहेर काढ म्हणावं तसं. मी बारा वर्षांची होती. कासरा ठेवला, पण मन काही ठेवलं नाही.

पुढच्याच महिन्यात मोठा पट होता. त्याच्या आधी तू तीन दिवस अनसिंगले पाहुण्याकडं गेला. आई कापूस वेचाले वावरात. बैलाले पाणी पाजून आणते म्हणून मी छकडी जुंपली. जू उचललं की पांढरा अन् तांबडा दोघं आपोआप मान घालत, गरीब जनावरं. डोहाच्या अलीकडं, नदीच्या कोरड्या पात्रात मी त्यायले सोडलं. बा, ते काय धावले. माह्या डोळ्यांत रेती, तोंडात रेती, अन् मी हसून राह्यली. अर्ध्या वाटेवर काठाले एक बाभूळ होती. तिच्यापुढं लोकांची वावरं, कोणी पाहिलं असतं, म्हणून बाभूळ आली की मी डावीकडं वळवत होती. तीन संध्याकाळी. किती चकरा झाल्या, मोजल्या नाहीत.

पटाच्या दिवशी आमी सारे गेलो. तुझी जोडी सुटली अन् लोक उभे राह्यले. अर्ध्या वाटेवर, लोकांना अडवाले बांधलेल्या दोराच्या बाहेर, एक बाभूळ होती. मी ती पाहिली, बैलांनीबी पाहिली. बैल डावीकडं वळले. तू ओढलं, त्यायनं ऐकलं नाही, छकडी उलटली. तुझ्या गळपट्टीचं हाड मोडलं. नजर लागली म्हणून आईनं मीठमिरच्या उतरवल्या. गाडीत पडल्या पडल्या तू म्हटलं, "हात म्हातारा झाला." त्याच्यानंतर पटात उतरला नाही. मी बोलली नाही. भेव होतं, अन् भेवाच्या खाली दुसरंबी काही होतं.

हाड जुळल्यावर तू मले घेऊन नदीवर गेला. पात्रातून जाता जाता बाभूळ आली अन् जोडी आपली आपण डावीकडं वळली. तू गाडी थांबवली. झाडाकडं पाहिलं, बैलाकडं पाहिलं, माह्याकडं पाहिलं नाही. "चाल, पाणी पाजू," एवढंच. लग्नात बहिणींना लुगडी देली, मले लुगडं अन् वर डाव्या बैलाच्या गळ्यातली पितळी घंटी. सासरच्यांना वाटलं, बाप येडा हाये. मले समजलं.

तर पाचव्या दिवशी मी डबा उचलला अन् सही केली. पोराचं तोंड पाहण्यासारखं झालं. "आई, पडली बिडली तर?" म्हणे. मी म्हटलं, "तुह्या आज्याचं हाड जुळलं, हिचंबी जुळन." पण पटाच्या सकाळी मी काठी टेकत ती वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आली. पोरीले वाटलं, आजीले कौतुक हाये. मी बाभूळ पाहून राह्यली होती. एकबी नव्हती. मंग सरावाले नदीवर कुठं नेत होती जोडी, म्हणून तिले विचारलं. "सरळ वाटेवर, आजी. वळवली कुठंच नाही." माह्यापेक्षा हुशार निघाली.

डाव्याच्या गळ्यात तुझी घंटी होती. जोडी सातवी आली. पहिली आलेली जोडी पटासाठीच पाळलेली, आपली वखराची. पोरगी उतरली तवा दातात रेती होती अन् हसून राह्यली होती. तिच्या बापानं बैलांच्या आधी तिलेच पाणी देलं.

बा, तुह्या हाडाचं मले वाईट वाटलं, हाताचंबी वाटलं. पण त्या तीन संध्याकाळींचं अजूनबी वाटत नाही. तेवढी मजा मले पुन्हा कधी आली नाही, लग्नातबी नाही.

हा कागद घंटीसंगं पेटीत ठेवून देते. तुले अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून तर एवढं लिवलं.