सदतीस नंबरचा फोनोग्राफ

२ मार्च

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

संग्रहालयात अगदी सुरुवातीच्या फोनोग्राफांचं प्रदर्शन भरणार आणि त्याची मांडणी तुझ्याकडे, हे वाचून ऊर भरून आला. पण जगभरची यंत्रं गोळा करताना घरचं बरं विसरलीस! अगं, आपल्या फोनोग्राफाचा नंबर सदतीस आहे. पितळी पट्टीवर लख्ख दिसतो. दर रविवारी मी ती पट्टी पावडर लावून घासते, तुझे बाबा चावी देतात आणि मग आम्ही दोघं गाणं ऐकत बसतो. गाणं कोरलेली मेणाची नळी लांब गाण्याची असली की खालची छोटी दांडी सरकवावी लागते, ते काम मात्र ते मला करू देत नाहीत.

कपाट आणायला गेलेले तुझे बाबा हे यंत्र घेऊन परतले, तेव्हा तुझ्या मामाने भर पाहुण्यांत त्यांना वेड्यात काढलं होतं. अजूनही जेवायला आला की कर्ण्याकडे बघून गालात हसतो. बाबा खुशाल जेवत राहतात, तिळपापड माझ्याच अंगाचा होतो. एकदा तुझ्या प्रदर्शनात यंत्रासमोर बाबांच्या नावाची पाटी लागू दे, म्हणजे माझ्या भावाचं तोंड कायमचं बंद होईल. यंत्र कधी पाठवू ते कळव. वेळेवर जेव, आणि आईवर माया आहे तेवढी राहू दे.

तुझी आई

९ मार्च

ती. आईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून खूप हसले, मग जरा विचारात पडले. ती दांडी! लांब गाण्याच्या नळ्या पुष्कळ उशिरा निघाल्या आणि दांडी आली ती त्यांच्यासाठी. तोवर कारखान्यातून हजारो यंत्रं बाहेर पडली होती. सदतिसाव्या यंत्राला ती असणं म्हणजे तान्ह्या बाळाला दाढी असल्यासारखं आहे. पण लगेच तोंड पाडून बसू नकोस. दांडी मागाहून कुणी बसवली असेल, किंवा नंबरातले काही आकडे पुसले असतील. असे चमत्कारिक नंबर आमच्याकडे नेहमी येतात.

तू एवढं कर. पट्टीवर पातळ कागद ठेव आणि पेन्सिल आडवी धरून हलकेच फिरव. डोळ्यांना दिसत नाही तेही कागदावर उमटतं. शिवाय बाबांना यंत्र लाकडी पेटीतून वर उचलायला सांग. खालच्या लोखंडी अंगावर तोच नंबर पुन्हा ठोकलेला असतो, आणि तिथवर तुझं फडकं काही पोचलेलं नसणार! पाटीवर मला खरं तेच लिहावं लागतं गं, पण बाबांचं नाव तिथे लागावं असं मलाही फार वाटतं. दोघांनी जिवाला जपा आणि लेकीवरचा लोभ आटू देऊ नका.

तुझी भिंगरी

१५ मार्च

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

सोबत कागद पाठवते आहे. सदतीस ठसठशीत उमटलेत. पण त्याच्या अलीकडे चाराच्या पायासारखं काहीतरी दिसतंय आणि पलीकडे दोन पुसट सावल्या आहेत. बाबांनी यंत्र उचललं आणि चष्मा न लावताच खालचा आकडा वाचून दाखवला, ४३७८२. मी म्हटलं, तो आतल्या सामानाचा नंबर असेल. ते चहा टाकायला निघून गेले. सामानाचाच असेल ना गं? मी मामाला प्रदर्शनाचं सांगून बसले आहे. उत्तर लवकर धाड, तोवर माझा जीव टांगणीला.

तुझी आई

ता. क. पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे आलं म्हणून दोन ओळी. तिला खरं तेच लिही. मला इतकी वर्षं सांगवलं नाही. बाबा

२० मार्च

ती. आईस, सा. न. वि. वि.

४३७८२ हाच आपला नंबर. पट्टीवर ठसा मधे खोल बसला होता आणि कडांना उथळ, म्हणून तुझ्या फडक्याने कडेचे आकडे खाल्ले. यंत्र फार छान आहे, पण त्या काळी घरोघरी होतं तसलंच. सुरुवातीच्या यंत्रांत त्याला जागा नाही.

आमच्या संग्रहालयाच्या मुख्य बाईंना मात्र तुझा कागद फार आवडला. नंबर कसे फसवतात हे दाखवायला एक वेगळं कपाट आहे, त्यात आपलं यंत्र कायमचं ठेवायला त्या तयार आहेत. पाटीवर बाबांचं नाव असेल. तुम्ही दोघं ठरवा. माझ्यावर रागवायचं असेल तर रागव, पण अबोला धरू नकोस.

तुझी भिंगरी

२८ मार्च

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

रागावले नाही. आधी रडले मात्र. मग ह्यांना विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? म्हणाले, विकत घेतलं तेव्हाच पूर्ण नंबर वाचला होता. मग इतकी वर्षं गप्प का बसलात? तर म्हणतात, “तुझा भाऊ असाच एकदा बोलला होता, तेव्हा तू हातात फडकं घेऊन त्याच्यापुढे उभी राहिलीस आणि म्हणालीस, ‘नंबर बघ, माझ्या नवऱ्याला पारख आहे.’ माझ्या बाजूने असं कुणी कधी भांडलं नव्हतं, मग तुला थांबवायचं कसं?”

मामाला मीच बोलावून खरं ते सांगितलं. पोट धरून हसला. गंमत म्हणजे तुझे बाबाही त्याच्याबरोबर हसले, आणि मला मुळीच राग आला नाही.

तुझ्या बाईंना माझे आभार कळव आणि सांग, यंत्र मिळणार नाही. सदतीस नंबर असता तर तो साऱ्या जगाने बघायचा होता, मी आनंदाने पाठवला असता. हा नुसता आमचा आहे, तो घरीच राहील. तू ये ऐकायला. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आई