मनूने पाठवलेल्या चार पुड्या

४ फेब्रु.
आमच्या लेकीची, मनूची मैत्रीण चीनहून सुट्टीला इकडे गावी, दिंद्रुडला आलीय. तिच्यासोबत मनूने चहाच्या चार पुड्या पाठवल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. मनूचं तिकडे डॉक्टरकीचं शेवटचं वर्ष. जूनमध्ये परत येणार का, ते एकाही चिठ्ठीत नाही. फोनवर विचारलं की विषय बदलते.

५ फेब्रु.
पहिली पुडी, लोंगजिंग, हिरवा चहा. बायकोने, शोभाने नेहमीसारखं दूध, साखर, आलं घालून खळखळ उकळला. पालकाचं पाणी. फोनवर मनू हसून बेजार. उकळतं पाणीच चालत नाही म्हणे.

६ फेब्रु.
कारखान्याच्या लॅबमधून थर्मामीटर आणला (परत न्यायचाय). ८० अंश. चपटी पानं, गरम कढईत हाताने दाबून वाळवलेली. वास थेट हुळ्याचा, शेतात हरभरा भाजतो तो! साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून हयात गेली आणि बिनसाखरेचा चहा आवडला. सांगायची सोय नाही.

९ फेब्रु.
तिएग्वानयिन. वाटाण्याएवढ्या गोळ्या, पाण्यात उलगडून अख्खं पान. फुलांचा वास, पण फूल घातलेलं नाही. कसं काय? एकच पान सात वेळा वापरायचं. शोभाने पहिल्याच वेळी चोथा गुलाबाला घातला. दुसऱ्यांदा मी पहारा दिला. तिसरी वाटी सर्वांत चांगली. सातवीला कोमट पाणी, तरी प्यालो.

१२ फेब्रु.
लापसांग. पाइनच्या धुरावर वाळवतात. चुलीजवळ बसल्यासारखं वाटलं. शोभाने गुपचूप दूध घातलं, "ह्यो लई झ्याक हाय." मनूला कळवणार नाही.

१५ फेब्रु.
शेवटचा, पुअर. कागदात गुंडाळलेली काळी, गोल, घट्ट दाबलेली वडी. शोभा म्हणाली, पोरीनं गवरी पाठवली का काय. चिठ्ठी: 'बाबा, किमान दहा वर्षं ठेवा, मुरत जातो. मी आले की फोडू.'
पानं दहा वर्षं मुरतात म्हणजे आत नेमकं काय होतं, ते मी खुशीत शोधत बसलो. शोभा चिठ्ठी धरून उभीच.
"धा वर्सं? मंग तवर ती येनार न्हाई का?"
मला हे सुचलंच नव्हतं.

१६ फेब्रु.
मनूशी बोललो. पुढचं शिक्षण तिकडेच करावं असं मनात आहे, नक्की नाही म्हणाली. मी रागावलो नाही. रागवायला हवं होतं की काय...
वडी फडताळात ठेवली. लॅबच्या नमुन्याला लावतो तशी पट्टी लावली. ठेवल्याची तारीख लिहिली. उघडण्याची? शोभा म्हणाली, "यंदाचा जून लिवा." मी पेन तिच्या हातात दिलं. तिनेही अजून लिहिलेलं नाही.