अकरा मीटर वायर, चाळीस सेकंद

मी, रळियातबेन प्रभुदास ठक्कर, वय वर्षे सदुसष्ट, धंदा लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग, राहणार नवी वसाहत, भुज, जिल्हा कच्छ, आज मंगळवारी सकाळी नऊ वाजता माझ्या राजीखुशीने हे लिहायला बसले आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदय नाही, ते गुरुवारी अहमदाबादचे डॉक्टर उघडून बघणार आहेत, आणि उद्या सकाळी मला न्यायला गाडी येणार आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. आणण्याची हिंमत असलेलं माणूस या घरात आता उरलेलं नाही.

लिहिताना मी मधूनमधून उठणार आहे, वाचणाऱ्याने रागावू नये. मागच्या खोलीत कॉपी चालू आहे. आत्ता एकाहत्तर टक्के.

कलम १. राहतं घर माझी एकुलती मुलगी जिगीषा, राहणार नडियाद, हिला द्यावं. अट एकच: या घरात गुडघ्याच्या वर जड वस्तू ठेवायची नाही. भूकंपात आमच्या दुकानातलं लोखंडी कपाट कुठून कुठे पडलं ते मी पाहिलंय. जिगीषा हसते. तिने नडियादला हसावं, इथे नाही.

कलम २. बँकेत जे काही आहे तेही तिचंच. त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

कलम ३. दोन व्हीसीआर आणि मिक्सर कोणाला देऊ नयेत, टाकूही नयेत. यांवर मी सत्तावीस वर्षं लग्नं जोडली. माझे यजमान प्रभुदास आणि त्यांचा धाकटा भाऊ वसनजी शूटिंग करून यायचे, एकाच्या हातात कॅमेरा, दुसऱ्याच्या हातात लाईट. आणि चार तासांचं लग्न बघण्याजोगं करायची मी, स्वयंपाकघराच्या शेजारी बसून, डाळ उतू जाते का तिकडे एक डोळा ठेवून.

(उठून आले. बहात्तर. कॉम्प्युटरचा पंखा गरम हवा सोडतोय, पण शेजारचे अलीमामदभाई म्हणतात तो सोडणारच.)

कलम ४. सर्व्हर. मागच्या खोलीत जमिनीवर, भिंतीला पट्ट्याने बांधलेली, चार डिस्कची काळी पेटी आहे. तिच्यात भुज आणि आजूबाजूच्या गावांतली दोन हजार तीनशेवर लग्नं आहेत. कॅसेटना बुरशी लागायला लागली तशी मी एकेक करून ती कॉम्प्युटरवर उतरवली. बुरशी लागलेल्या कॅसेट नंतर जाळाव्या लागल्या. म्हणजे आता जे आहे ते या पेटीत आहे, दुसरीकडे कुठेही नाही.

भूकंपात ज्यांची घरं गेली त्यांचे फोटोही गेले. असे लोक अजून माझ्याकडे येतात. परवा गांधीधामहून एक बाई आली. चाळिशीची असेल. म्हणाली, "बेन, माझी आई सत्याऐंशीच्या एका लग्नात गरबा खेळलेली. ती कशी चालायची ते मला आठवत नाही." मी शोधून दिलं. तिने अकरा वेळा पाहिलं आणि चहा गार केला. माझ्या पश्चातही असा माणूस दारात आला तर त्याला बसवून दाखवावं, चहा द्यावा, आणि गेलेल्या माणसाचा एक पैसाही घेऊ नये.

गेल्या महिन्यात पेटीच्या तिसऱ्या डिस्कचा दिवा नारिंगी झाला. त्याचा अर्थ मला माहीत आहे. त्याच आठवड्यात माझ्या हृदयाचा कागद आला, त्याचाही अर्थ डॉक्टरांनी सांगितला. त्या दिवसापासून मला एका जागी बसवत नाही. आमच्या दोघींत आधी कोण बंद पडतं एवढाच प्रश्न होता, आणि मला पेटीच्या आधी जायचं नव्हतं.

कलम ५. वायर. जिगीषाने फोनवर हिशोब केला: घरच्या वायफायवरून सगळं कॉम्प्युटरच्या नव्या डिस्कवर घ्यायला एकोणीस दिवस लागतील. एवढे दिवस माझ्याकडे नव्हते. अलीमामद सुमरा, टेलिफोन खात्यातले निवृत्त लाइनमन, माझे शेजारी, म्हणाले, "बेन, मधल्या माणसाला बाजूला करा. राऊटरला विचारायचंच कशाला? पेटी आणि कॉम्प्युटर यांना सरळ एकमेकांशी बोलू द्या. दीड दिवसात होतं की नाही बघा."

दोन्ही यंत्रांत बसवायची जलद कार्डं राजकोटहून मागवली. वायर दहा मीटर पुरत होती, आम्ही अकरा घेतली, दहाची कोण घेतं? भिंतीला भोक मी पाडू देत नाही, म्हणून वायर खिडकीतून बाहेर, हिंचक्याच्या मागून, मागच्या खिडकीतून आत. अलीमामदभाई सत्तर वर्षांचे; पण पोटावर झोपून त्यांनी ती पट्ट्यांनी अशी बसवली की हिंचक्यावर बसणाऱ्याचा पाय लागणार नाही.

पुढचं लिहायला लाज वाटते, पण मृत्युपत्रात खोटं लिहू नये. राऊटर नसला की दोन्ही टोकांना आपल्या हाताने नंबर द्यावा लागतो. पेटीकडे अलीमामदभाई होते, कॉम्प्युटरकडे मी. सुरुवातीचे आकडे जिगीषाने सांगितलेले. शेवटचा आकडा आपल्या मनाचा. वायर जोडली. काही नाही. कार्ड काढलं, पुसलं, परत लावलं. राजकोटच्या दुकानदाराशी मी दोन दिवस फोनवर भांडले, तो बिचारा म्हणाला, "मासी, बदलून देतो, पण शिव्या देऊ नका." तीन दिवस गेले. मला जेवण जाईना. चौथ्या दिवशी जिगीषा फोनवर म्हणाली, "बा, तू शेवटी काय घातलंस?"

"एकशे एक. शुभ काम आहे."

"आणि काकांनी?"

अलीमामदभाई पेटीजवळून ओरडले, "एकशे एकच! बेनला बरं वाटेल म्हणून. शंभर कोण घालतं?"

"अरे देवा," जिगीषा म्हणाली, "तुम्ही दोघांनी दोन घरांना एकच नंबर लावलात. एकाला तरी दुसरा नंबर द्या."

आता पेटी एकशे एक आणि कॉम्प्युटर एक्कावन्न. हे नंबर कोणी बदलू नयेत. पण ते तीन दिवस माझे गेले ते गेलेच. नाहीतर आज मी हे शांतपणे, पंख्याखाली बसून लिहिलं असतं.

(शहात्तर. तिसरा दिवा मधूनच लाल होतो आणि परत नारिंगी. मी त्याच्याकडे बघितलं की होतो असं मला वाटायला लागलंय.)

कलम ६. पेटी, नवी डिस्क, कॉम्प्युटर आणि अकरा मीटर वायर अलीमामदभाईंना. मागच्या खोलीची किल्लीही त्यांच्याकडेच राहील, घर जिगीषाचं असलं तरी. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "बेन, मी तुमच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आहे." मी म्हटलं, मग तुमच्या मागे कोणाला द्यायची ते तुम्ही तुमच्या मृत्युपत्रात लिहा. ज्याला काही मिळतं त्याची सही साक्षीदार म्हणून घेऊ नये असं वकील म्हणाले, त्यामुळे त्यांची सही इथे नाही.

कलम ७. दीर वसनजी ठक्कर यांना काही देत नाही. म्हणूनच साक्षीदार म्हणून तेच योग्य; त्यांना संध्याकाळी पाच वाजता बोलावलं आहे. देत नाही याचं कारण लिहिते.

आमच्या प्रत्येक कॅसेटवर शेवटी पाटी यायची: 'कॅमेरा व मिक्सिंग, ठक्कर ब्रदर्स'. पाटी मीच बनवायची. एकदा मी म्हटलं, मिक्सिंगपुढे माझं नाव घालू का? वसनजीभाई म्हणाले, "भाभी, बाई घरात बसून जोडते हे कळलं तर गिऱ्हाईक भाव पाडेल." मी म्हटलं, तुमचे भाऊ काय म्हणतात ते तरी विचारा. ते म्हणाले, "भाई असलं काही बोलणार नाही. काम आमचं दोघांचं आहे." प्रभुदास तिथेच बसले होते, लेन्स पुसत. बोलले नाहीत. ते चारचौघांत कधीच बोलायचे नाहीत, आणि त्या दिवशी मला त्यांचा फार राग आला. अजून येतो. ते जाऊन बारा वर्षं झाली तरी येतो.

कलम ८. त्र्याण्णव सालच्या एका लग्नात, अंजारला, सगळे जेवून गेल्यावर प्रभुदास जेवायला बसले आणि कॅमेरा खुर्चीवर ठेवला. बंद करायला विसरले. चाळीस सेकंद. कॅमेरा धरणारा माणूस कुठल्याच लग्नात दिसत नाही. माझ्याकडे त्यांचं चालतंबोलतं एवढंच आहे. ते मी गिऱ्हाइकाच्या कॅसेटमधून कापलं आणि वेगळं ठेवलं. त्यात ते जे बोलले ते वसनजीभाईंना मी कधी दाखवलं नाही. पुरावा दाखवून मान मिळवायचा नव्हता. आता मिळवायचा आहे. माझ्या बाराव्याला, पंगत बसल्यावर, ते चाळीस सेकंद मोठ्या पडद्यावर लावावेत आणि वसनजीभाईंना पुढच्या रांगेत बसवावं.

कॉपीचा क्रम मीच लावला. भूकंपाआधीची लग्नं पहिली, मग नंतरची, आणि आमची फाइल सर्वांत शेवटी. अलीमामदभाई म्हणाले, "तुमचं आधी घ्या की." मी म्हटलं, घरचे शेवटी जेवतात.

(दुपार. चौऱ्याऐंशी. खिचडी समोर ठेवली आहे, खाल्ली जात नाही. भूकंपाआधीची सगळी लग्नं पोचली. गांधीधामच्या बाईची आई पोचली.)

(साडेचार. सत्त्याण्णव. दिवा लाल, आता बदलत नाही. अलीमामदभाई पेटीपाशी उकिडवे बसलेत, जपमाळ हातात. काही बोललं तर हात वर करतात.)

(पाच वाजून दहा मिनिटं. संपलं. पडद्यावर लिहून आलं: सर्व फाइल कॉपी झाल्या, एक सोडून. एक फाइल वाचता आली नाही.)

कलम ८ पुन्हा लिहिते. वरचं खोडलेलं समजावं.

अलीमामदभाईंनी सहा वेळा प्रयत्न केला. शेवटी पेटीने आवाज केला आणि गप्प झाली. ते म्हणाले, "बेन, माफ करा. मी तुमचं आधी घ्यायला लावायला हवं होतं." मी त्यांना म्हटलं, दोन हजार तीनशे घरं जेवली, उगाच रडू नका. रडत मी होते.

वसनजीभाई दारात येऊन उभे आहेत. त्यांना थांबायला सांगितलंय. त्या चाळीस सेकंदांची दुसरी प्रत नाही, पण ती फिल्म मी जोडलेली आहे आणि मी जोडलेलं मला पाठ असतं. म्हणून या कागदावर उतरवून जिगीषाला देते:

पंगतीचं टोक. पत्रावळ. प्रभुदास बाह्या वर करून बसतात. पुरी मोडतात, पण खात नाहीत, आधी खिशात चष्मा शोधतात, तो डोक्यावर असतो. डावीकडून एक हात वाटी पुढे करतो, कढी घेतो. चेहरा चौकटीत येत नाही. वाढणारा आचारी म्हणतो, "शेठ, मागच्या लग्नाची कॅसेट पाहिली. विदाईला रडूच आलं. तुम्ही काय जोडता!" प्रभुदास हसतात. म्हणतात, "मी कुठे जोडतो? मी बटण दाबतो. जोडते ती रळियात. ती नसेल तर आमच्याकडे नुसती चार तासांची गर्दी आहे." मग पुरी खातात. मग कोणीतरी कॅमेऱ्यासमोरून जातं आणि अंधार.

एवढंच आहे. हे खरं आहे हे सिद्ध करायला माझ्याकडे आता काही नाही.

हे मृत्युपत्र मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवलं, त्यांच्यासमोर सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर.

रळियातबेन प्रभुदास ठक्कर (सही)

भुज, दिनांक ६ फेब्रुवारी २०२४

साक्षीदार १: मंजुला रूपारेल, निवृत्त शिक्षिका, नवी वसाहत, भुज (सही)

साक्षीदार २: वसनजी ठक्कर, भुज (सही)
भाभी, कढी घेणारा हात माझा होता. भाई असंच बोलला होता. मी ऐकलं होतं.